दक्षिण सातारा : एका पुसल्या गेलेल्या मतदारसंघाची हकिगत

(विश्रामबाग, सांगली येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आजच्या विषयाचे नाव कोणत्याही चालू नकाशात सापडणार नाही. दक्षिण सातारा. १९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी या नावाचा एक मतदारसंघ होता. १ ऑगस्ट १९४९ रोजी याच नावाचा जिल्हा झाला. पहिल्या लोकसभेत, १९५२ साली, या नावाने एक खासदार दिल्लीत बसले. मग १९५७ च्या लोकसभेच्या यादीतून ते नाव गेले आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी जिल्ह्याचे नाव सांगली झाले. जेमतेम पाव शतकाचा हा कारभार. पण या पंचवीस वर्षांत कृष्णाकाठच्या माणसाचे सरकारशी असलेले नाते मुळापासून बदलले. ते कसे बदलले, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

माझे म्हणणे एका वाक्यात आधीच मांडतो. या मुलखात लोकशाही आधी आली आणि मताधिकार मागून आला. ज्यांना मत नव्हते त्यांनीच इथले राजकारण उभे केले. १९५२ साली सर्वांना मत मिळाले, तेव्हा कायद्याने लोकांना गाठले एवढेच म्हणता येईल.

सुरुवात नकाशापासून करू. १९३७ साली आपण बसलो आहोत तो सारा टापू संस्थानी मुलुख होता. पश्चिमेला पटवर्धनांची सांगली, पूर्वेला पटवर्धनांचीच मिरज, उत्तरेला धाकट्या मिरज पातीचे बुधगाव. १९१९ सालापासून विलिंग्डन कॉलेज इथे उभे होते, त्याला नाव मुंबईच्या गव्हर्नरचे होते. पण त्या गव्हर्नरच्या प्रांताची विधानसभा निवडण्याचा हक्क इथल्या रहिवाशाला नव्हता. इथून काही कोसांवर तासगाव. तिथे ब्रिटिश अंमल, म्हणून तिथे मतपेटी. पलीकडे इस्लामपूर, तेही ब्रिटिश. मधे कुंडल आणि किर्लोस्करवाडी, ती औंध संस्थानात. पूर्वेला जत, डफळ्यांचे. माणसे एकाच नदीचे पाणी पीत होती, एकाच बाजाराला जात होती, एकमेकांच्या घरी सोयरीक करत होती. मत मात्र एका शिवारात होते आणि बांध ओलांडला की नव्हते.

याचे कारण नव्वद वर्षे मागे जाते. १८४८ साली साताऱ्याच्या गादीला औरस वारस नाही म्हणून डलहौसीने ते राज्य खालसा केले. त्याच वर्षी तासगावची पटवर्धनांची पातीही वारसाअभावी खालसा झाली. सांगलीची आणि मिरजेची पाती टिकली. म्हणजे १९३७ साली तासगावच्या एखाद्या शेतकऱ्याला मत मिळाले ते त्याचे राज्य बुडाले होते म्हणून, आणि सांगलीकराला मिळाले नाही ते त्याचे संस्थान शाबूत राहिले म्हणून. दत्तकाचा एक वाद, आणि त्यावरून तीन पिढ्यांनंतर कोण मतदार आणि कोण निव्वळ प्रजा हे ठरले. मतदारसंघाची सीमा किती जुन्या आणि किती परक्या कारणांनी आखली जाते, याचा याहून ठळक दाखला मला माहीत नाही.

आता सीमेच्या आत येऊ. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने मुंबई प्रांताला १७५ जागांची विधानसभा दिली. ब्रिटिश सातारा जिल्ह्याचे प्रांतिक निवडणुकीसाठी उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. वाळवा, तासगाव, खानापूर हा कृष्णा-येरळेचा मुलुख आणि कऱ्हाडची पेठ दक्षिण भागात आली. पण आत असलेल्या सगळ्यांना मत होते असे समजू नका. वय एकवीस पुरे हवे, आणि खेड्यात किमान आठ रुपये शेतसारा भरणारी जमीन हवी. शिक्षणाच्या, घरभाड्याच्या, फौजेतल्या नोकरीच्या अशा आणखी काही वाटा होत्या. पण खेड्यातल्या माणसाची मुख्य वाट जमिनीचीच होती.

हे आठ रुपये जवळून पाहण्यासारखे आहेत. समजा चार भावांचे एक घर आहे. जमीन कोरडवाहू, सारा आठ रुपयांच्या आसपास, खाते थोरल्याच्या नावावर. मत थोरल्याचे. धाकटे तिघे त्याच नांगरामागे चालतात, त्याच विहिरीवर मोट हाकतात, पण यादीत नाहीत. घरातल्या बायकांपैकी नवऱ्याच्या मोठ्या मालमत्तेमुळे किंवा लिहिता-वाचता येते म्हणून एखादीचे नाव लागले तर लागले. वाट्याने शेत कसणारा कूळ असेल, सालगडी असेल, बलुतेदार असेल, गावकुसाबाहेरचा मजूर असेल, तर बहुधा नाव नाहीच. म्हणजे तलाठ्याच्या दप्तरात ज्याची जमीन, त्याचीच मतदारयादीत नोंद. देशभरात १९३७ साली सुमारे तीन कोटी मतदार होते. १९५१-५२ साली ते सतरा कोटींच्या वर गेले. मधला फरक तो या धाकट्या भावांचा, त्यांच्या बायकांचा, कुळांचा आणि मजुरांचा, आणि आपल्यासारख्या संस्थानी प्रजेचा.

त्यातही यादी एक नव्हती. मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे, युरोपियनांचे वेगळे, व्यापाऱ्यांच्या, जमीनदारांच्या, कामगारांच्या, विद्यापीठाच्या जागा वेगळ्या. सर्वसाधारण जागांपैकी पंधरा जागा २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानुसार अस्पृश्य समाजासाठी राखीव होत्या. सर्वसाधारण मतदारसंघ बहुतेक ठिकाणी एकाहून अधिक जागांचे होते, आणि मुंबई प्रांतात मत देण्याची रीतही निराळी होती. जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला. ती वेगवेगळ्या उमेदवारांना वाटावीत किंवा सगळीच्या सगळी एकालाच द्यावीत. अल्पसंख्य समाजाने आपली सारी मते एका माणसावर एकवटली तर तो निवडून येऊ शकत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई प्रांतात मोजकेच उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आणले, त्यात या रीतीचा वाटा मोठा होता. स्वातंत्र्यानंतर आपण एक जागा, एक मत ही सरळ रीत घेतली. तिचे फायदे मोठे आहेत. पण जुन्या रीतीत थोड्या मतांच्या समाजालाही स्वतःच्या बळावर सभागृहात माणूस पाठवता येत होता, हे विसरून चालणार नाही.

फेब्रुवारी १९३७ ची निवडणूक आली. तोवर कायदेमंडळात जाणारे लोक म्हणजे वकील, इनामदार, रावबहादूर, उद्योगपती अशी समजूत होती, आणि ती खरीही होती. दक्षिण साताऱ्यातल्या तरुण कार्यकर्त्यांचा आग्रह असा की उमेदवार शेतकऱ्याच्या घरातला असावा, चळवळीत तुरुंगात गेलेला असावा. त्यांनी आत्माराम पाटलांचे नाव लावून धरले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकणारे यशवंतराव चव्हाण तेव्हा तेवीस वर्षांचे होते. हे नाव मान्य करून घेण्यासाठी ते मुंबईला थेट सरदार वल्लभभाई पटेलांपर्यंत पोहोचले. ही सारी हकिगत त्यांनी पुढे ‘कृष्णाकाठ’मध्ये लिहिली आहे. आत्माराम पाटील उमेदवार झाले आणि निवडून आले.

या घटनेपाशी थोडे थांबले पाहिजे. उमेदवार वरून येत नाही, तो खालून मागून घ्यायचा असतो, हा धडा या मतदारसंघाने १९३७ साली गिरवला. मागणारे तरुण कोण होते? खेड्यातली शिकू लागलेली पहिली पिढी. त्यांच्यापैकी कित्येकांच्या नावावर आठ रुपये साऱ्याची जमीन नव्हती. सत्यशोधक जलशांनी आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शाळा-वसतिगृहांनी ज्या मुलांना बोलते केले होते, ती मुले आता बहुजनांतला माणूस विधानसभेत पाठवायला निघाली होती. मत थोरल्या भावाचे, पण ते कुणाला द्यायचे हे सांगायला धाकटा भाऊ गावोगाव सायकलवर हिंडत होता.

प्रांतात काँग्रेसला १७५ पैकी ८६ जागा मिळाल्या. गव्हर्नरच्या खास अधिकारांबद्दल खुलासा होईपर्यंत काँग्रेसने मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला, तेव्हा एप्रिल ते जुलै १९३७ असे तीन-साडेतीन महिने प्रांताचे मुख्यमंत्रिपद धनजीशा कूपर यांच्याकडे होते. हे कूपर साताऱ्याचे. म्हणजे एका जिल्ह्यात एकाच वेळी दोन काळ नांदत होते: सरकारदरबारी वजन असलेल्या उद्योगपतींचा जुना, आणि तुरुंग पाहून आलेल्या शेतकऱ्यांचा नवा. जुलैत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. त्याच्या अवघ्या सव्वादोन वर्षांच्या काळात कर्जनिवारणाचा कायदा झाला, कुळांना संरक्षण देणारा १९३९ चा कायदा झाला. सावकाराच्या वहीत अडकलेल्या दक्षिण साताऱ्याच्या शेतकऱ्याने पहिल्यांदा पाहिले की मुंबईत बसलेल्या सभागृहाचा आपल्या वावराशी संबंध असतो. नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, गव्हर्नरचा अंमल सुरू झाला, आणि पुढची सहा वर्षे मतदारसंघ नुसता कागदावर राहिला.

या सहा वर्षांतच या मुलखाने जे करून दाखवले त्याला तोड नाही. ऑगस्ट १९४२ नंतर तासगाव, वडूज, इस्लामपूर अशा ठिकाणी कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर हजारोंचा मोर्चा गेला आणि तिरंगा लागला. ९ तारखेला वडूजला आणि १० तारखेला इस्लामपूरला गोळीबार होऊन माणसे पडली. मग उघडी चळवळ भूमिगत झाली आणि १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील मुळात तलाठी. ज्या दप्तरावरून मतदार ठरत होते, ते दप्तर हाताखाली असलेली नोकरी सोडून ते चळवळीत आले होते.

प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे नेमली. गहाणाचे, बांधाचे, देण्याघेण्याचे तंटे तिथे सुटू लागले. हुंडा आणि मानपान टाकून गांधी-विवाह लागले. तुफान सेना उभी राहिली. या सरकारचा हात कठोर होता, हेही सांगितले पाहिजे. दरोडेखोरांना आणि खबऱ्यांना दिलेल्या शिक्षा क्रूर होत्या, आणि आजच्या न्यायाच्या कसोटीला त्यातल्या अनेक टिकणार नाहीत. पण गावाने आपला तंटा आपण बसून सोडवायचा, त्यासाठी आपली माणसे नेमायची आणि त्यांचा निर्णय मानायचा, ही गोष्ट हजारो सामान्य माणसांनी तीन वर्षे केली. त्यांच्यापैकी बहुतेकांचे नाव प्रांतिक मतदारयादीत नव्हते.

काही नावे घेतो. जी. डी. बापू लाड कुंडलचे, जन्म डिसेंबर १९२२ चा. नागनाथअण्णा नायकवडी वाळव्याचे, जन्म त्याच वर्षीचा. १९३७ च्या निवडणुकीत दोघेही चौदा वर्षांची पोरे. त्यात बापूंचे कुंडल औंध संस्थानात, म्हणजे वय भरले असते तरी प्रांताचे मत नाही. नानांच्या कन्या हौसाताई पाटील, कासेगावच्या इंदुताई पाटणकर यांच्यासारख्या स्त्रिया निरोप, शस्त्रे आणि माणसे पोहोचवत होत्या. मतदारसंघाच्या लेखी यातले कुणी मोजायचे नव्हते. इतिहासाने त्यांनाच मोजले.

आणि संस्थानाची हद्द? ती भूमिगतांनी आपल्या कामाला जुंपली. ब्रिटिश हद्दीत पोलिसांचा ससेमिरा लागला की शिवार ओलांडून संस्थानात यायचे, तिथे दबाव वाढला की परत फिरायचे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तर १९३९ सालीच गांधीजींच्या सल्ल्याने आपले अधिकार प्रजेच्या हाती देणारी घटना जाहीर केली होती. कुंडलचा माणूस प्रांताचा मतदार नव्हता, पण ग्रामपंचायतीच्या राज्याची चव त्याने आधीच घेतली होती. सांगलीतही संस्थानाची वेस आडवी आली नाही. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी सांगलीचा तुरुंग फोडून निसटले. त्या दिवशी अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबासाहेब जाधव गोळ्यांना बळी पडले, दादा जखमी होऊन पकडले गेले. प्रांतात मत नसलेल्या या गावाने स्वातंत्र्याची किंमत प्रांताइतकीच मोजली.

१९४६ च्या निवडणुकीत दक्षिण साताऱ्यातून यशवंतराव चव्हाण निवडून गेले. वय तेहेतीस. यादी तीच जुनी, आठ रुपयांचीच. पण मतदार तोवर पार बदलला होता. ज्याच्या घरातला धाकटा भाऊ भूमिगत होता, तो थोरला आता मत द्यायला आला होता. खेर पुन्हा मुख्यमंत्री झाले, भूमिगतांवरची वॉरंटे उठली, नाना पाटील लोकांत आले. यशवंतराव गृहखात्याचे संसदीय चिटणीस झाले. कालपर्यंत ज्या खात्याचे पोलीस त्यांना हुडकत होते, त्याच खात्यात ते कारभार शिकू लागले. १९४८ चा कूळकायदा याच सभागृहाने केला, आणि आठ रुपयांच्या यादीतून वगळलेल्या कुळाला जमिनीवरचा हक्क त्याने दिला.

पुढचा क्रम वेगाने घडला. ८ मार्च १९४८ रोजी सांगली, मिरज, औंध आदी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. पुढच्या वर्षी जुन्या साताऱ्याचे दोन भाग झाले. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके आणि संस्थानांचा मुलुख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, सदर ठाणे सांगली. कऱ्हाड उत्तरेत गेले. म्हणजे ज्या मतदारसंघाने यशवंतरावांना विधानसभेत पाठवले त्याचेही दोन तुकडे झाले. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे दक्षिणेत राहिले आणि घर उत्तरेत. नाव जुन्या मतदारसंघाचे, पण त्या नावाखाली आता पहिल्यांदा तासगावकर आणि सांगलीकर एका यादीत आले. १८४८ साली पडलेली फूट शंभर वर्षांनी सांधली गेली.

१९५२ ची निवडणूक झाली. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर चिन्ह. चिठ्ठीवर शिक्का मारायचा नाही, ती आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. लिहिता न येणाऱ्या माणसालाही चुकणार नाही अशी ही सोय. पण यादी करायला गेलेल्या कारकुनांना देशात अनेक ठिकाणी बायकांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले. अशी सुमारे अठ्ठावीस लाख नावे देशभरात यादीतून गळली. कायद्याने दार उघडले तरी उंबरा ओलांडायला वेळ लागतो, हे त्यातून दिसले. दक्षिण साताऱ्यातून लोकसभेवर व्यंकटराव पवार गेले, उत्तर साताऱ्यातून गणेश सदाशिव अळतेकर. सांगलीने विधानसभेवर वसंतदादांना पाठवले. तुरुंग फोडताना गोळी खाल्लेला माणूस, आणि आता त्याच गावचे प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुष त्याचे मतदार.

१९५७ साली लोकसभेच्या जागा सातारा, कऱ्हाड, मिरज अशा नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर आणि जी. डी. बापू तासगावमधून विधानसभेवर गेले. यशवंतराव कऱ्हाडला निसटत्या फरकाने टिकले. प्रतिसरकारची माणसे आणि सरकारची माणसे एकमेकांसमोर उभी होती, आणि निवाडा मतपेटीने केला, गोळीने नाही. कृष्णाकाठाने पंधरा वर्षांत मारलेली ही मजल मला सर्वांत मोलाची वाटते.

आता आजच्या दिवसाकडे येतो. मतदारसंघ पुसले जाणे थांबलेले नाही. २००८ च्या पुनर्रचनेत कऱ्हाड लोकसभा मतदारसंघ गेला. भिलवडी-वांगी आणि कवठे महांकाळ ही विधानसभेची नावे गेली. पलूस-कडेगाव आले, तासगावला कवठे महांकाळ जोडले गेले. इस्लामपूर आणि शिराळा सांगली जिल्ह्यात असूनही लोकसभेसाठी हातकणंगल्यात मोडतात. नेत्यांनी आपापले गणित जुळवून घेतले. गावांचे काय झाले, कोणते गाव कोणत्या बाजाराचे, कोणत्या कालव्याचे, कोणत्या तालुक्याचे आणि मत कुठले, याचा हिशेब फारसा कुणी मांडला नाही.

राज्यघटनेतल्या तरतुदीप्रमाणे जागांची फेरवाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. ती मुदत आता दाराशी आली आहे. पुन्हा नकाशे पसरले जातील, पुन्हा रेषा ओढल्या जातील. १८४८ सालची आणि १९३७ सालची रेषा आपल्या पूर्वजांना न विचारता ओढली गेली. या वेळची तशी ओढली जाऊ नये, याची सोय कायद्यात आहे. पुनर्रचना आयोगाला मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात, जाहीर सुनावणी घ्यावी लागते. मागल्या खेपेला अशा सुनावण्यांना पक्षांचे लोक गेले. गावे थोडीच गेली.

म्हणून माझ्या या सभेकडे दोन मागण्या आहेत. पहिली अशी, की या मुलखाचा निवडणुकीचा इतिहास गोळा करा. जुन्या मतदारयाद्या, प्रचाराची पत्रके, प्रतिसरकारच्या निवाड्यांचे कागद, अजून हयात असलेल्यांच्या आठवणी. हे काम मुंबईहून कुणी येऊन करणार नाही. विलिंग्डन आणि वालचंदसारखी महाविद्यालये ज्या गावात आहेत, त्या गावाला हे जड नाही. दुसरी अशी, की पुढच्या पुनर्रचनेचा मसुदा येईल तेव्हा ग्रामसभेत आणि प्रभागात बसून तो वाचा आणि हरकत लेखी द्या. तुमच्या पाण्याचा, रस्त्याचा, बाजाराचा संबंध ज्या गावांशी आहे त्यांच्याबरोबर तुमचे मत मोजले जावे, हा तुमचा हक्क आहे. दक्षिण साताऱ्याच्या धाकट्या भावांनी मत नसताना आपला प्रतिनिधी मागून घेतला. आपल्या हाती तर मतही आहे आणि हरकतीचा कागदही. तो कागद कोरा ठेवू नका.